मागच्या सरपंचाचं मानपत्र

आमच्या गावात राजवट बदलली त्या दिवशी भिंतीवरची 'ग्रामपंचायत कार्यालय' ही पाटी उतरली आणि तिथं 'नगरपंचायत कार्यालय' ही पाटी चढली. खिळे तेच राहिले. आप्पाही तेच राहिले. पाटी उतरण्याआधी ते वीस वर्षं सरपंच होते. मग निवडणूक होईपर्यंत तहसीलदार प्रशासक म्हणून आले, तेव्हा आप्पा त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसत आणि कोणाचं काम करायचं, कोणाचं लांबवायचं, ते त्यांच्या कानात सांगत. निवडणूक झाली आणि आप्पा नगराध्यक्ष झाले. दरम्यान राज्यातलं सरकार बदललं, तेव्हा आप्पांनी पक्ष बदलला. सरकार पुन्हा बदललं, आप्पाही पुन्हा बदलले. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा माझ्या दारावरच्या पत्त्यात अजून जुनंच नाव होतं. आप्पांच्या लेटरहेडवर मात्र त्याच आठवड्यात नवं छापून आलं.

या माणसाचं चरित्र मी लिहिलं आहे. एकशे साठ पानं, फोटो वेगळे, तेही गुळगुळीत कागदावर. या गुन्ह्याबद्दल मला अजून कोणी शिक्षा केलेली नाही, म्हणून माझी मीच करून घेतो आहे.

झालं असं, की ग्रामपंचायतीचं ते शेवटचं वर्ष होतं आणि आप्पांची साठी आली होती. मी हायस्कुलातून मराठीचा शिक्षक म्हणून नुकताच निवृत्त झालो होतो. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे निबंध तपासून माझ्या आत जे काय साचलं होतं, ते बाहेर पडायला जागा शोधत होतं. आप्पा एका सकाळी चालत घरी आले, ओट्यावर बसले, बायकोच्या चहाची तारीफ केली आणि मला म्हणाले, "सर, तुमच्यासारखं लिहिणारं गावात दुसरं हाय कोन?" एवढ्यावर मी विरघळलो. माणसाला विकत घ्यायला काय लागतं, यावर लोक उगाच मोठमोठी अनुमानं बांधतात. मला एक कप चहा लागला, तोही माझ्याच घरचा.

आप्पा रोज येऊन आपली कारकीर्द सांगायचे आणि मी लिहून घ्यायचो. कच्चं लिहायला शाळेतलं एक कोरं पडून राहिलेलं हजेरीचं लांबडं रजिस्टर घेतलं होतं. मास्तरकी अंगात मुरलेली, त्यामुळे मी एक शिस्त घालून घेतली. उजव्या पानावर आप्पा जे सांगतील ते, आणि समोरच्या डाव्या पानावर मला जे माहीत आहे ते. उजवीकडं: 'बाजारतळाचा रस्ता मी केला.' डावीकडं: 'रस्ता जिल्हा परिषदेचा. काम सुरू झालं तेव्हा आप्पा तिरुपतीला. तरी शोभेल.' छापायला अर्थातच उजवी पानं गेली. डावी पानं मी माझ्या सद्सद्विवेकबुद्धीसाठी लिहीत होतो. ती बुद्धी वाचत होती आणि गप्प बसत होती.

संदर्भासाठी आप्पांनी कारकुनाला सांगून ग्रामपंचायतीची पाच प्रोसिडिंग रजिस्टरं माझ्या घरी पाठवली, त्यातलं पाचवं शेवटची ग्रामसभा झाल्यावर. प्रोसिडिंग म्हणजे सभेत कोण काय बोललं, कोणता ठराव झाला, सूचक कोण, अनुमोदक कोण, याचं हातानं लिहिलेलं पुस्तक. रजिस्टरंही तशीच लांबडी, पुठ्ठे सुटलेले, कोपरे कुरतडलेले. आता मला एक खोड आहे. हातात वही आली की मी तिला खाकी कव्हर घालतो आणि त्यावर नाव लिहितो. ही खोड मला चौथीत लागली आणि ती लावणाऱ्या माणसाचीच ही गोष्ट आहे.

ते आमच्या गावातल्या मिशनच्या शाळेचे मास्तर. अक्षर, पाढे, कव्हर आणि खोटं न बोलणं या चार गोष्टी त्यांनी मला शिकवल्या. पहिल्या तीन टिकल्या. आता ते ऐंशीला टेकले आहेत. काठी घेऊन रोज संध्याकाळी माझ्याकडं येतात, "सलाम" म्हणतात, पुस्तकांच्या कपाटाला पाठ लावून त्यांच्या ठरलेल्या खुर्चीत बसतात, चहा घेतात, मी नवीन काय लिहिलं ते ऐकतात आणि त्यातल्या चुका काढतात.

ख्रिस्ती गल्लीच्या मागं त्यांची दफनभूमी आहे. ती दिली गेली तेव्हा गल्लीत घरं थोडी होती. आता जागा इतकी भरली आहे, की नव्या माणसाला निजवायचं तर कोणातरी जुन्याला हलवावं लागतं, आणि त्यावरून दोन घरांत बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. मास्तरांची बायको अगदी शेवटच्या ओळीत आहे, तारेच्या कुंपणाला चिकटून. कुंपणापलीकडं वीस गुंठे पडीक, ग्रामपंचायतीच्या मालकीचे, वेड्या बाभळींनी भरलेले. मास्तरांचं मागणं त्या वीस गुंठ्यांपैकी फक्त एका माणसाच्या मापाचं होतं. मला ते एकदा म्हणाले, "मला तिच्या उजव्या हाताला निजायचंय. चाळीस वर्षं मी त्याच अंगाला निजलो." उजवा हात कुंपणाच्या पलीकडं होता.

ग्रामपंचायतीच्या शेवटच्या ग्रामसभेत आप्पांनी हा विषय स्वतः काढला. नगरपंचायतीची निवडणूक दिसायला लागली होती आणि ख्रिस्ती गल्लीतली मतं एकगठ्ठा पडतात, हे आप्पांना पाठ होतं. वीस गुंठे दफनभूमीला द्यावेत, सूचक खुद्द सरपंच. ठराव क्रमांक अकरा, सर्वानुमते मंजूर. मास्तर उठून उभे राहिले, त्यांनी फक्त हात जोडले. मी त्या ग्रामसभेला मागच्या ओळीत बसलो होतो आणि घरी जाऊन आप्पांच्या चरित्रात एक वाक्य लिहिलं: 'जिवंतांना घरं देणारे पुष्कळ झाले, आप्पांनी मृतांनाही हक्काची जागा दिली.' हे वाक्य मी बायकोला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मिळाली का पण जागा?" मी म्हणालो, ठराव झालाय, आता राहिलं काय.

पुस्तक निघालं. मला शाल मिळाली. पाचही रजिस्टरं मी कव्हरं घालून, पिशवीत भरून, स्वतः नेऊन कारकुनाच्या टेबलावर ठेवली. पुढं पाटी बदलली, आप्पा नगराध्यक्ष झाले, आणि सहा महिने वाट पाहून मास्तर त्यांना भेटायला गेले. मी बरोबर होतो. आप्पांनी दोघांनाही बसवलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून मान हलवत म्हणाले,

"मास्तर, आता नवी राजवट हाय. मागच्या सरपंचानं काय काय ठराव केलेत, कुनाला काय शब्द दिलेत, आमाला काय ठावं? लई घोळ घालून ठिवलाय मागच्यांनी."

मी आप्पांच्या तोंडाकडं बघत राहिलो. माझी समजूत होती, की ते हसतील. मागचे सरपंच तेच होते. पण त्यांच्या चेहऱ्यावर रेघसुद्धा हलली नाही. त्या माणसाला मागच्या सरपंचाचा मनापासून राग आलेला होता. एखादा खोटं बोलतो तेव्हा त्याला निदान खरं काय ते माहीत असतं, एवढा तरी भरवसा असतो. इथं तेही नव्हतं. पाटी बदलली, की आतला माणूसही धुऊन निघतो, त्याचा शब्द जुन्या दप्तराबरोबर बांधून माळ्यावर जातो, आणि तो नवाकोरा होऊन पुन्हा आपल्याकडं मत मागायला येतो. ही सोय मुळात कोणी काढली, ते मला ठाऊक नाही. आप्पांनी ती पुरेपूर वापरली.

"कागद असंल तर आना," आप्पा म्हणाले. "कागद दावा, लगेच सही करतो."

कागद कार्यालयातच होता, अशी आमची खात्री होती. आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आलं, 'सदर ठराव अभिलेखात आढळून येत नाही.' पुन्हा अर्ज, पुन्हा तेच उत्तर. मध्येच गावात बातमी फुटली, की त्या वीस गुंठ्यांवर दुकानांचे गाळे काढायचं ठरतंय. मग माझं डोकंच फिरलं. मी माझंच पुस्तक घेऊन मुख्याधिकाऱ्यांकडं गेलो. मुख्याधिकारी तरुण, जामखेडकडून बदलून आलेले, सरळ वाटले. त्यांनी माझं मृतांचं वाक्य वाचलं, पुस्तक मिटलं आणि नम्रपणे म्हणाले, की गौरवग्रंथ पुरावा म्हणून धरता येत नाही. त्यात खरं लिहिलेलं असतं, असं कोणत्याच नियमात नाही. नियम बरोबर होता.

असं करता करता तीन वर्षं गेली. मास्तर रोज संध्याकाळी येत, कपाटाला पाठ लावून बसत, चहा घेत. मी आप्पांना, नगरपंचायतीला, कारकुनाला शिव्या घालत असे. दप्तर गहाळ करणाऱ्यांना गाढवावर बसवून बाजारपेठेतून फिरवलं पाहिजे, असं मी त्यांच्यासमोर कितीदा तरी म्हणालो आहे. मास्तर म्हणत, "शांत हो. कुठंतरी असेल ते."

शेवटी मी दप्तराची प्रत्यक्ष पाहणी मागितली. ती मागता येते, एवढं शहाणपण यायला मला तीन वर्षं लागली. ठरल्या दिवशी अकरा वाजता मी आणि मास्तर मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत बसलो. मी घरून भाषण पाठ करून आलो होतो. कारकुनाला मी म्हणालो, की शेवटच्या वर्षाचं रजिस्टर नसेल तर तसं लिहून द्या, पोलिसात जातो.

कारकुनाला राग आला. हा ग्रामपंचायतीचाच जुना माणूस, पाटीबरोबर तोही नगरपंचायतीत आलेला. "नसायला काय झालं?" तो म्हणाला. "पाच हुती, पाच हायेत. शिक्के मारून, पानांना नंबर टाकून ठिवलीत. त्यात तुमचा ठराव न्हाई, त्याला मी काय करू?"

"तुम्ही ते उघडून वाचलंत?"

"नंबर टाकलेत म्हन्लं ना."

"आणा मग. आत्ताच्या आत्ता साहेबांसमोर उघडा."

त्यानं माळ्यावरून गठ्ठा काढला. पाचही रजिस्टरांना माझी खाकी कव्हरं तशीच होती. तेवढ्या रागातही मला त्यांचा थोडा अभिमान वाटला. साहेबांनी पाचवं उघडलं आणि वाचायला लागले. आधी मनात, मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि ते मोठ्यानं वाचू लागले.

"'पाणी योजना मी आणली.' आणि समोरच्या पानावर, 'योजना आली तेव्हा आप्पा विरोधात. तिच्याविरुद्ध उपोषणाला बसले होते, दुपारच्या जेवणापर्यंत. तरी शोभेल.'" त्यांनी पान उलटलं. "'शाळेच्या खोल्या मी बांधल्या.' 'खोल्या बांधल्या त्या गवंड्यांनी. आप्पांनी नारळ फोडला, तोही नासका निघाला.'" त्यांनी वर पाहिलं. "हे काय आहे? अक्षर कोणाचं आहे हे?"

पानापानावर नगरपंचायतीचा गोल शिक्का होता. प्रत्येक पानावर नंबर होता. शेवटच्या पानावर 'तपासून बरोबर असल्याचे आढळले' आणि खाली सही. माझी डावी पानं सरकारी अभिलेख होऊन बसली होती.

मास्तरांनी चष्मा पुसला, वाकून पान पाहिलं आणि मग माझ्याकडं पाहिलं. माझं अक्षर त्यांनीच वळवलेलं. त्यांना ओळखायला एक ओळसुद्धा लागली नसणार. पण साहेबांना ते एवढंच म्हणाले, आम्ही पुन्हा येतो.

कार्यालयाच्या दारात कारकून मागून आला. त्याचा राग गेला होता आणि त्या जागी भीती आली होती. हळूच म्हणाला, "सर, खरं रजिस्टर तुमच्याकडं घरी असंल. गपचूप राहा. सरकारी दप्तर घरात ठिवलं म्हनून आप्पा आधी तुमाला आत घालतील, आन् मागनं माझी नोकरी."

घरी आलो. कपाट उघडलं. दुसऱ्या कप्प्यात, माझ्या न छापलेल्या कवितांच्या वर, खाकी कव्हर घातलेलं, माझ्याच सुंदर अक्षरात 'आप्पा – कच्चा मजकूर' असं नाव टाकलेलं लांबडं रजिस्टर होतं. आत ठराव क्रमांक अकरा. सूचक, अनुमोदक, आप्पांची सही, तिच्याखाली दोन रेघा. सहा सारखी रजिस्टरं, सहा सारखी कव्हरं. नावं टाकताना मी आतलं पान बघितलं नव्हतं. कारकुनानं तीन वर्षं रजिस्टर उघडलं नाही म्हणून मी आकाशपाताळ एक करत होतो. मीही नव्हतंच उघडलं.

मास्तर त्यांच्या खुर्चीत बसले होते. मग म्हणाले, "तीन वर्षं मी याच कपाटाला पाठ लावून बसतोय."

मी त्यांची माफी मागायला लागलो, ते त्यांनी मध्येच तोडलं. "कव्हर घालायला मीच शिकवलं," ते म्हणाले. "आत काय आहे ते बघायला शिकवायचं राहिलं."

इतकी वर्षं मी त्यांचा विद्यार्थी आहे. पण त्या दिवशी लागलं तेवढं बोलणं मला कधी लागलं नव्हतं.

आता प्रश्न असा, की हे रजिस्टर द्यायचं कोणाला. साहेब सरळ होते, पण त्यांची बदली करायला आप्पांना एक फोन पुरला असता. आप्पांना नेऊन दाखवावं, तर मास्तर म्हणाले, "त्यांच्या एकट्याच्या हातात गेलं तर परत हरवेल. आणि या वेळी तुझ्या कपाटात हरवणार नाही."

मार्ग आप्पांनीच काढून दिला. त्यांनी पक्ष बदलला होता, त्याबद्दल त्यांचा नागरी सत्कार ठरला. मंत्री येणार होते. पक्ष बदलल्याबद्दल सत्कार कशाचा, असं विचारणाऱ्याला आमच्याकडं येडा म्हणतात. सत्कार म्हटलं की मानपत्र आलं, आणि मानपत्र म्हटलं की मी आलो. गावातली सगळी मानपत्रं मीच लिहितो, निवृत्त होणाऱ्या पोस्टमनपासून कुस्ती मारलेल्या पैलवानापर्यंत, आणि स्टेजवर ती मीच वाचतो. मानपत्राची एक गंमत आहे. ते लिहिणाराशिवाय कोणी वाचत नाही. ते सोनेरी फ्रेममध्ये, काचेखाली तयार होऊन येतं आणि वाचन चालू असताना स्टेजवरचे सगळे आपापला हार कुठं ठेवायचा ते बघत असतात. आप्पांनी विचारलं, "झालं का सर?" मी म्हणालो, झालं. त्यांनी बघायलासुद्धा मागितलं नाही.

बाजारतळावर मांडव होता. मी माइकसमोर उभा राहिलो. पहिले दोन परिच्छेद नेहमीचे: दूरदृष्टी, गोरगरिबांचा कैवार, लोकमानसावर अधिराज्य. तिसऱ्यात मी ठराव क्रमांक अकरा जसाच्या तसा वाचला. वीस गुंठे, चतुःसीमा, सूचक आप्पा, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. ख्रिस्ती गल्लीतले लोक पुढच्या सतरंजीवर मुद्दाम येऊन बसले होते, त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बाकीच्यांना टाळ्या कशाबद्दल ते कळलं नाही, पण टाळ्या ऐकून त्यांनीही वाजवल्या. मग मी खाकी कव्हरातलं रजिस्टर, लाल फीत बांधलेलं, काढलं आणि म्हणालो, की आप्पांच्या या ऐतिहासिक ठरावाचं मूळ दप्तर आज मंत्रिमहोदयांच्या हस्ते मुख्याधिकाऱ्यांकडं सुपूर्द होत आहे. मंत्र्यांना समोर काही आलं की ते हातात घेऊन फोटोकडं बघायची सवय होती. त्यांनी घेतलं, साहेबांना दिलं. फोटो निघाला.

मी आप्पांकडं पाहिलं. माझी कल्पना होती, की आता तरी त्यांचा चेहरा उतरेल. तीन वर्षांचं सगळं त्या एका क्षणासाठी मी राखून ठेवलं होतं. आप्पा उठले, शांतपणे माइकपाशी आले आणि हात जोडून बोलले,

"हा माजा शब्द हुता. मागच्यांनी तो दाबून ठिवला हुता. आज नव्या पक्षात आलो आन् पयलं काम म्हनून तो मोकळा करतोय."

टाळ्या माझ्या मानपत्राला पडल्या होत्या त्याच्या दुप्पट पडल्या. मागचे म्हणजे कोण, असं मांडवात एकानंही विचारलं नाही. मी विचारायला हवं होतं, माइकपासून मी चार हातांवर होतो. माझ्या गळ्यात शाल पडत होती, म्हणून मी खाली वाकलो.

जागा मिळाली, हे मला मान्य करावं लागतं. कुंपण हललं, बाभळी निघाल्या, वीस गुंठ्यांभोवती भिंत झाली. आणि एका सकाळी मास्तर नेहमीच्या वेळेआधीच माझ्याकडं आले. बसले नाहीत. फक्त "चल" म्हणाले.

भिंतीच्या आत बोर्ड उभा होता. पत्र्याचा, दहा बाय सहा, दोन लोखंडी खांब, काँक्रीटमध्ये रोवलेले. त्यावर आप्पा, हात जोडलेले, हसणारे. दफनभूमीत हसणारे. त्यांच्याखाली मोठ्या अक्षरांत, 'जिवंतांना घरं देणारे पुष्कळ झाले, आप्पांनी मृतांनाही हक्काची जागा दिली.' माझं वाक्य. त्यात मी घातलेला स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी होता. आणि रस्त्यावरून नीट दिसावा म्हणून बोर्ड जिथं रोवला होता, ती जागा होती मास्तरांच्या बायकोच्या उजव्या हाताची. एक खांब तिच्या कबरीपासून हातभर, दुसरा त्यापुढं. मधे मास्तरांची सगळी जागा.

मला संताप आला, असं लिहितो आहे, पण तो शब्द पुरत नाही. एक माणूस ठराव करतो, विसरतो, विसरलो हेही विसरतो, ज्यानं आठवण ठेवली त्याला तीन वर्षं खेटे घालायला लावतो, आणि शेवटी त्याच म्हाताऱ्याच्या निजायच्या जागेवर स्वतःचा फोटो रोवतो. आणि त्या फोटोला शोभेसं वाक्य ज्यानं पुरवलं, तो मी.

मी तडक कार्यालयात गेलो. बोर्ड काढण्याचा अर्ज दिला. मुख्याधिकाऱ्यांची तोवर श्रीगोंद्याकडं बदली झाली होती. कारकुनानं अर्ज वाचला, रजिस्टरं चाळली — या वेळी खरोखर उघडून चाळली, एवढं मात्र त्याच्यात बदललं होतं — आणि म्हणाला, "सर, असा बोर्ड लावल्याचा आमच्याकडं ठरावच न्हाई."

"मग काढा."

"जो लावलाच न्हाई, तो काढायचा कसा? काढायचा ठराव घ्यायचा तर आधी लावल्याचा पायजे."

मी टेबलावर हात आपटला. कारकुनानं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पन मी काय म्हन्तो, जो दप्तरात न्हाईच, तो कुनी उचलून बाजूला ठिवला, तर गुन्हा तरी कशाचा व्हनार?"

रविवारी उपासना सुटल्यावर, भर दुपारी, गल्लीतली सात-आठ माणसं पहारी आणि फावडी घेऊन आली. मीही गेलो. मास्तर काठीवर रेलून सावलीत उभे होते. तुम्ही काही करू नका, असं मला सगळ्यांनी सांगितलं, पण ज्याचं वाक्य त्यानं हात लावला पाहिजे, असा माझा हट्ट. काँक्रीटभोवती आणि दोन्ही खांबांच्या मधल्या जागेत कमरेएवढं खणून झालं. खांबाला दोर बांधून दोघंजण एका बाजूनं ओढत होते, मी दुसऱ्या बाजूनं ढकलत होतो. पहिला खांब सुटला, बोर्ड कलला, दुसऱ्या खांबाचा ठोकळा एकदम वर आला आणि मी मात्र खाली गेलो. आप्पा पत्र्यासकट बाजूला पडले, आकाशाकडं बघून हसत. मी त्या खड्ड्यात उताणा, पाठीखाली गार माती, तोंडात धूळ.

वर सगळ्यांची तोंडं दिसत होती. कोणी हसत नव्हतं, मला लागलं असेल म्हणून. मग गर्दी जरा बाजूला झाली आणि मास्तर काठी टेकत खड्ड्याच्या काठाशी आले. त्यांनी आधी डावीकडं बायकोच्या कबरीकडं पाहिलं, अंतर नजरेनं मोजलं, ते त्यांना पसंत पडलेलं दिसलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"ऊठ रे," ते म्हणाले. "ती जागा माझी आहे."

माझं मला उठता येईना. दोघांनी हात दिला, त्यातला एक हात त्यांचा होता.